अस्सल आवाज आणि अस्सल अडचण

'चिपट्यून' म्हणजे १९८० च्या दशकातल्या संगणक-खेळांच्या धर्तीचे संगीत. ते आज सॉफ्टवेअरवर सहज करता येते. मूळ चिपमधून आलेला आवाज तेवढा अस्सल, असा एक पक्ष यावर आग्रहाने मांडला जातो. आवाज हुबेहूब जुळला की झाले, असे दुसरा पक्ष म्हणतो. मला दोन्ही पटत नाहीत.

कमोडोर ६४ (१९८२) या संगणकात बॉब यानेस यांनी रचलेली 'सिड' ही चिप होती. तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीतला फिल्टर, उत्पादनातील फरकांमुळे, चिपगणिक वेगळा वाजे. रॉब हबर्ड यांची एकच रचना दोन घरांत दोन तऱ्हांनी ऐकू येई. मग मूळ आवाज कोणता मानायचा?

या संगीताचे मूळ आवाजापेक्षा अडचणीत आहे. सिडला तीनच चॅनेल. त्यांत धून, खर्ज आणि ताल बसवायचा, तर कॉर्डसाठी जागा उरत नसे. म्हणून कॉर्डचे सूर एकाच चॅनेलवर सेकंदाला ५० पर्यंत वेळा बदलत वाजवले जात आणि कान त्यांचा मेळ लावून घेई. ती ओळखीची थरथर अशी जन्मली. निन्टेन्डोच्या फॅमिकॉममध्ये (१९८३) त्रिकोणी लहरीच्या चॅनेलचा आवाज लहानमोठा करण्याची सोयच नव्हती. तिच्याकडे बहुधा खर्ज सोपवला गेला.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोनी लहरींचे चाळीस थर रचून वर प्रतिध्वनीची झूल घालता येते. नाद जुना, वृत्ती मात्र सुखवस्तू! याउलट फॅमिट्रॅकर हा प्रोग्रॅम मुळात फॅमिकॉमची पाचच चॅनेल पुढे ठेवतो. तिथे काही हवे असेल तर काही सोडावे लागते. वृत्तात लिहिणाऱ्याला हे नवे नाही. गण मोजून कविता होत नाही, पण गणांशी झगडताना सापडलेला शब्द एरवी सापडला नसता.

कमोडोर कंपनी १९९४ साली बुडाली. मूळ सिड एकेक करून निकामी होत आहेत. अस्सलपणा चिपमध्येच मानला, तर ही कला शेवटच्या यंत्राबरोबर संपेल. नुसत्या नादात मानला, तर ती जाहिरातींतली सजावट होऊन उरेल. सॉफ्टवेअरने दिलेली मोकळीक जो रचनाकार जाणूनबुजून नाकारतो, त्याच्याच हाती ती पुढे जिवंत राहील.