जपणूक की कैद?

ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडून वर्ष झालं, तरी आमच्या कॉलनीतल्या एका वहिनींना घरचे पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. ‘तू फक्त आराम कर!’ टेबलावर मात्र अँटिऑक्सिडंटच्या महागड्या डब्यांची रांग. त्यातला एक डबा मीच नेऊन दिला होता, हेही कबूल करते.

मैत्रिणींनो, शरीरात फ्री रॅडिकल्स नावाचे उपद्रवी कण सतत तयार होतात. त्यांना आवर घालणारी विकरं शरीर स्वतःच बनवतं आणि नियमित, झेपेल इतक्या व्यायामाने ही यंत्रणा बळकट होते. डबा व्यायामाची जागा घेत नाही. उलट, रेडिएशन फ्री रॅडिकल्सच्याच मदतीने कर्कपेशी मारतं. म्हणून उपचार चालू असताना अशा गोळ्या-पावडरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच.

हात सुजेल, ही भीती खोटी नाही. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्या बायकांची सूज वाढली नाही. त्रास उलट कमी झाला. २०१९ च्या तज्ज्ञांच्या शिफारशीही सांगतात, आठवड्यातून तीनदा अर्धा तास भरभर चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम केले, की थकवा आणि मनावरचं मळभ कमी होतं.

परवा त्यांच्या सासूबाईंना म्हटलं, ‘काकू, डॉक्टरांना एकदा विचारा आणि सुनेला घेऊन बागेत चला.’ आजारातून उठलेल्या बाईला जपायचं, तर तिला बसवून ठेवू नका. तिच्याबरोबर चाला.