श्रेयांकाला सीमा नाही, विद्यार्थ्याला आहे!

निपाणीच्या वेशीवर अर्जुननगर आहे. तेथे 1960 पासून देवचंद महाविद्यालय उभे आहे. निपाणीचा विद्यार्थी सायकलवरून तेथे जातो तेव्हा वाटेत त्याला नदी लागत नाही की डोंगर लागत नाही. तरीही तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला असतो. महाविद्यालयाचा तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, पदवी शिवाजी विद्यापीठाची. पत्त्यात मात्र 'व्हाया निपाणी' असे लिहावे लागते. त्याच्याच शेजारचा मुलगा गावातल्या बागेवाडी महाविद्यालयात गेला तर त्याला पदवी मिळते बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाची. एका गल्लीतली दोन मुले, पण अभ्यासक्रम वेगळे आणि गुणपत्रिकाही वेगळ्या. सीमाप्रश्न म्हणजे काय, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने नकाशा पाहू नये, या दोन गुणपत्रिका शेजारी ठेवून पाहाव्यात.

अर्जुननगर चालत जाण्याच्या अंतरावर आहे म्हणून निपाणीकरांचे कसेबसे भागते. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातल्या मुलीने काय करावे? बेळगावच्या उद्यमबागेत पाळीवर जाणाऱ्या तरुणाने काय करावे? ज्यांना वर्गात रोज हजेरी लावणे जमत नाही, पण शिकायचे आहे, आणि शक्य तर आपल्या भाषेत शिकायचे आहे, त्यांच्यासाठी आज आम्ही लिहीत आहोत. कारण गेल्या काही वर्षांत विद्यापीठांचे नियम पुष्कळ बदलले आहेत आणि त्या बदलांची वार्ता आमच्या खेड्यापाड्यांत फारशी पोहोचलेली नाही.

पहिला बदल श्रेयांकांचा, म्हणजे ज्याला मुले क्रेडिट म्हणतात त्याचा. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला एक तास याप्रमाणे शिकलेल्या विषयाला साधारणपणे एक श्रेयांक मिळतो. तीन वर्षांच्या पदवीला असे सुमारे 120 श्रेयांक लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2021 मध्ये या श्रेयांकांची बँक काढली. विद्यार्थ्याने खाते उघडायचे, मिळवलेले श्रेयांक त्यात जमा व्हायचे, आणि शिक्षण मध्येच सुटले तरी ते साधारण सात वर्षांपर्यंत शिल्लक राहायचे. पदवी ज्या संस्थेची हवी तिच्याकडून निम्मे श्रेयांक मिळवले पाहिजेत. उरलेले दुसरीकडून आणता येतात. 'स्वयम' या सरकारी व्यवस्थेवरचे ऑनलाइन अभ्यासक्रमही एका सत्रात 40 टक्क्यांपर्यंत धरता येतात, मात्र आपल्या विद्यापीठाने त्यांना मान्यता दिलेली असली पाहिजे. एप्रिल 2022 पासून तर एकाच वेळी दोन पदव्या करण्याचीही मुभा आहे: एक महाविद्यालयात बसून, दुसरी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन.

हे नियम सीमाभागासाठी केलेले नाहीत, पण त्यांची सर्वांत जास्त गरज कोणाला असेल तर ती सीमाभागाला आहे. आमच्याकडे सोयरिकीला सीमा कधीच नव्हती. बेळगावची लेक गडहिंग्लजला दिली जाते, कागलची सून निपाणीत येते. अशा मुलीची बी.ए.ची दोन वर्षे माहेरी झालेली असतात आणि तिसरे सासरी करायचे असते. मग सुरू होतात हेलपाटे. मायग्रेशन सर्टिफिकेट आणा, पात्रता प्रमाणपत्र आणा, विषय जुळतात का ते पाहा. विषय जुळत नाहीत. पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करा, असे सांगितले जाते आणि पोरीचे शिक्षण तिथेच थांबते. श्रेयांकांची बँक खऱ्या अर्थाने चालली तर ही दोन वर्षे लग्नातल्या रुखवताबरोबर सासरी जायला हवीत.

पण 'चालली तर' हा शब्द महत्त्वाचा आहे. बँकेत ठेव असून भागत नाही, समोरच्या दुकानदाराने ते नाणे घ्यावे लागते. कोणत्या विषयाचे श्रेयांक स्वीकारायचे हे प्रत्येक विद्यापीठ ठरवते. त्यात दोन राज्यांनी पदवीची वाटही वेगळी केली आहे. कर्नाटकाने 2021-22 मध्ये चार वर्षांच्या पदवीचा धडा सर्वांच्या आधी गिरवला आणि 2024-25 पासून तो पुसून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. महाराष्ट्र राष्ट्रीय धोरणाच्या चौकटीत पुढे निघाला आहे. दोन सरकारांच्या धोरणांत जे अंतर पडेल ते ओलांडायचे कोणी? तर सीमेवरच्या मुलाने!

दुसरा प्रश्न घरबसल्या शिकण्याचा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झाले ते नोकरदार, गृहिणी आणि शिक्षण सुटलेल्यांसाठी. ते मराठीतून शिकवते. मग त्याचे अभ्यासकेंद्र खानापुरात का नको, असे आम्हाला अनेक वाचक विचारतात. उत्तर नियमात आहे. राज्याच्या विद्यापीठाने दूरशिक्षणासाठी आपल्या राज्याची हद्द ओलांडू नये, असे आयोगाचे बंधन आहे. विद्यापीठांच्या हद्दीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये प्रा. यशपाल यांच्या याचिकेवरील निकालातही हेच सूत्र सांगितले आहे.

हे बंधन आम्हाला जाचते, पण ते निष्कारण नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाचे उदाहरण ताजे आहे. हद्दीबाहेर, खासगी संस्थांच्या हाती केंद्रे देऊन अभ्यासक्रम चालवल्याचा ठपका त्याच्यावर आला. 2012-13 नंतर या विद्यापीठाला मान्यता नाही, असे आयोगाने 2015 मध्ये जाहीर केले. मान्यता परत मिळाली ती 2018 मध्ये. मधल्या काळात ज्यांनी पैसे भरले, रात्री जागून अभ्यास केला, त्यांच्या हातातल्या कागदाचे काय झाले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. चूक विद्यापीठाची, शिक्षा मात्र विद्यार्थ्याला. म्हणूनच 'बोर्ड लावा, केंद्र काढा, नियमाचे नंतर बघू' असला उत्साह आम्हाला नको आहे.

मग वाट कुठे आहे? ती आयोगाच्या 2020 च्या नियमावलीत आहे. दूरशिक्षणाला राज्याची हद्द आहे. पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या पदवीला ती नाही. अभियांत्रिकी, वैद्यकीय, विधी असे अभ्यासक्रम त्यात बसत नाहीत, पण कला आणि वाणिज्य बसतात. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असेही नियम सांगतो. अट एवढीच की विद्यापीठाचा दर्जा वरचा हवा. शिवाजी विद्यापीठाला 2021 मध्ये 'नॅक'ची ए-डबल-प्लस श्रेणी मिळालेली आहे. म्हणजे जे केंद्र निपाणीत उघडता येत नाही, ते कोल्हापुरात बसून निपाणीच्या घराघरांत उघडता येते. हद्दीचा जो अडसर वर्षानुवर्षे पुढे केला जात होता, तो या एका बाबतीत कायद्यानेच दूर केला आहे.

भाषेचा मुद्दा येथेच येतो. राज्यघटनेचे कलम 350 अ मातृभाषेतून शिक्षणाची सोय सांगते ती प्राथमिक स्तरापुरती. त्यापुढे सरकारच्या मर्जीचा कारभार. मराठी शाळेतून एसएसएलसी झालेले पोर पीयूसीला गेले की बहुधा इंग्रजी किंवा कन्नडच्या वर्गात जाऊन बसते आणि वर्षभर नुसते फळ्याकडे बघते. त्यात ऑगस्ट 2021 मध्ये कर्नाटक सरकारने पदवीला कन्नड सक्तीची केली. डिसेंबर 2021 मध्ये उच्च न्यायालयाला अंतरिम आदेशाने सांगावे लागले की विद्यार्थ्यांवर ही सक्ती नको. कन्नड ही आमच्या शेजाऱ्याची, बाजाराची आणि कचेरीची भाषा आहे. ती जरूर शिकावी, असेच आम्ही म्हणू. पण एका भाषेसाठी श्रेयांकांची जागा राखता येते, तर मराठीसाठीही ती ठेवता आली पाहिजे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठीचा पदव्युत्तर विभाग आहे. त्या विभागातील प्राध्यापकांना बसवून, महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या कोणत्या मराठी विषयांचे श्रेयांक आपण घेऊ, याची यादी विद्यापीठाने जाहीर करावी. यात कोणाची एक इंच जमीन जात नाही. शिवाजी विद्यापीठाने आणि महाराष्ट्र शासनाने ऑनलाइन अभ्यासक्रम आखताना सीमाभागाचा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवावा आणि शुल्क त्याला परवडेल असे ठेवावे. महाराष्ट्राने व्यावसायिक प्रवेशात सीमाभागातील मराठी मुलांसाठी तरतूद केली आहे, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण तिचा उपयोग घर सोडून जाऊ शकणाऱ्यांना होतो. जे घर सोडू शकत नाहीत, त्यांची संख्या नेहमीच मोठी असते.

आणि आपल्या माणसांना आमचे सांगणे असे. पोराचे श्रेयांक खाते उघडले आहे का, ते महाविद्यालयात जाऊन विचारा. दूरशिक्षणासाठी पैसे भरण्यापूर्वी त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमाला, त्या वर्षासाठी आयोगाची मान्यता आहे का, हे पाहा. गावातला माहितीपत्रक वाटणारा एजंट काय सांगतो यावर जाऊ नका.

महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो 2004 मध्ये. त्या वर्षी जन्मलेली मुले आज पदवीचे वय ओलांडून गेली आहेत. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, त्याची वाट पाहण्याची चिवटी या भागाकडे आहे. पण श्रेयांकाचे आयुष्य सात वर्षांचे आहे आणि विद्यार्थ्याच्या उमेदीचे त्याहून कमी. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो, असे म्हणतात. बेळगाव आणि कोल्हापूर या दोन विद्यापीठांनी निदान या पाहुण्याला तरी आता पानावर बसवावे.