पाटावरची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी पाटावर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, एक शंभर पानी वही मांडलेली असते. व्यापाऱ्याच्या घरी चोपडी पुजतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण मराठी शिकवणाऱ्या मास्तराच्या घरी वहीपूजन पाहून येणारी मंडळी बुचकळ्यात पडतात. 'नवी कादंबरी वाटते?' असे एका गृहस्थांनी मोठ्या कौतुकाने विचारले. मी वही उघडून दाखवली. आत अर्धे पान मजकूर. कादंबरी नव्हे, चार नियम. त्यांतले तीन २०१६ सालच्या दिवाळी पाडव्याला लिहिलेले. चौथा चार वर्षांनंतरचा, आणि तो मला चांगलाच महाग पडला.

मला बाजारातले काही कळत नाही, हे मी पहिल्यापासून जाणून होतो. म्हणूनच नियम केले. पहिला : दर महिन्याच्या सात तारखेला ठरावीक रक्कम निफ्टीच्या इंडेक्स फंडात घालायची. निफ्टीत ५० मोठ्या कंपन्या असतात. कोणती घ्यायची नि कोणती वगळायची याचेही नियम ठरलेले, आणि त्यांची उजळणी वर्षातून दोनदा. दुसरा : शिल्लक निम्मी फंडात, निम्मी बँकेच्या मुदत ठेवीत. तिसरा : हिशेब वर्षातून एकदाच, दिवाळी पाडव्याला पाहायचा. बाजार चढला असेल तर फंडातले जास्तीचे ठेवीत, उतरला असेल तर ठेवीतले फंडात, आणि पुन्हा निम्मे-निम्मे. ही युक्ती माझी नव्हे. बेंजामिन ग्रॅहम या अमेरिकन गृहस्थांनी १९४९ साली 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' या पुस्तकात ती सांगितली : शेअरांत पाव हिश्शाहून कमी नको, पाऊण हिश्शाहून जास्त नको, एरवी निम्मे-निम्मे. महागाईत विकावे, स्वस्ताईत घ्यावे हे कोणालाही कळते. पण मन नेमके उलटे सांगते. नियम मनाला विचारीतच नाही.

नियम शिकवून माणूस बाजारात तयार होतो का, हा वाद शिकागोत १९८३ साली पैजेपर्यंत गेला होता. रिचर्ड डेनिस हा मोठा सटोडिया म्हणे, होतो. त्याचा मित्र विल्यम एकहार्ट म्हणे, हे अंग उपजतच असावे लागते. डेनिसने वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन मूठभर माणसे निवडली, दोन आठवडे नियम पढवले आणि आपला पैसा त्यांच्या हाती दिला. सिंगापुरात कासवे पाळतात तशी आपण माणसे तयार करू, असे तो म्हणाला आणि त्यांचे नाव 'कासवे' पडले. गेल्या वीस दिवसांतला सर्वांत वरचा भाव ओलांडला की घ्यायचे, दहा दिवसांतला तळ मोडला की सोडायचे, आणि एका सौद्यात भांडवलाचा अगदी थोडा हिस्साच धोक्यात घालायचा. बहुतेक सौद्यांत थोडी थोडी खोट येई. एखाद्या मोठ्या चढउतारात सारे भरून निघून वर उरे. कित्येक कासवांनी खरोखरीच बक्कळ कमावले. परीक्षा एवढीच, की दहा वेळा हात पोळल्यावरही अकराव्या वेळी नियमानेच सौदा करायचा. नियम वर्तमानपत्रात छापले तरी पाळणार कोण, अशा अर्थाचे डेनिस पुढे म्हणालाही होता.

हे सारे मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगत असे. मग आला मार्च २०२०. जानेवारीत ४२,००० च्या घरात असलेला सेन्सेक्स २३ मार्चला एका दिवसात ३,९०० हून अधिक अंकांनी कोसळून २६,००० च्या खाली गेला. फंडातले माझे तीन लाख दोनांच्याही आत आले. कन्या दहावीला. दोन वर्षांनी तिच्या इंजिनियरिंगला द्यायचे ते हेच पैसे. नियमाप्रमाणे त्या दिवशी मला काय करायचे होते? काहीच नाही! पाडवा दोन दिवसांवर आला होता खरा, पण तो गुढीचा, वहीतला दिवाळीचा.

पण हातात मोबाईल होता आणि पोटात गोळा.

"अहो, वहीत काय लिहिलंय ते एकदा बघा तरी," सौ. म्हणाली.

"अगं, प्रत्येक नियमाला अपवाद असतो. व्याकरणातसुद्धा!" असे म्हणून मी फंड विकून मोकळा झालो. त्या रात्री झोप छान लागली. एवढाच काय तो माझा नफा.

मुंबईच्या शेअर बाजारात १९५७ सालापासून दिवाळीला मुहूर्ताचे सौदे होतात. २०२० च्या त्या मुहूर्ताला सेन्सेक्स ४३,००० च्या वर होता. माझे लाखाहून अधिक गेले. २०२२ साली कन्येसाठी कर्ज काढावे लागले. ते अजून फिटायचे आहे.

त्या पाडव्याला मी वही घेऊन बसलो. फराळाची ताटली पुढे ठेवीत सौ. म्हणाली, "अपवाद असतात हे खरं. पण तुमच्या व्याकरणात ते छापलेले असतात ना? मुलं काय परीक्षेच्या हॉलमध्ये बसून नवे अपवाद काढतात?"

काढतात, आणि मी वर्षानुवर्षे त्यांचे मार्क कापत आलो आहे.

विचार करता वाटले, माझी भीती खोटी नव्हती. दोन वर्षांत लागणारे पैसे शेअरांत असायलाच नको होते. बाजार त्या वेळी आठ महिन्यांत सावरला, हे नशीब. २००८ च्या जानेवारीतले शिखर पुन्हा गाठायला २०१० ची दिवाळी उजाडली होती. तेव्हा चूक दुहेरी. अपवाद शांत डोक्याने लिहायचा तेव्हा लिहिला नाही, आणि डोके ठिकाणावर नसताना तो शोधून काढला. चौथा नियम त्या दिवशी लिहिला : 'तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे आधीच काढून ठेवीत घालावेत.' हा २०१६ सालीच लिहिला असता, तर फीचे पैसे २०१९ मध्येच बाहेर पडले असते.

नियमाला भविष्य कळते असे माझे म्हणणे नाही. कासवांचा गुरू डेनिस यालाही १९८८ साली मोठी खोट सोसून लोकांचा पैसा सांभाळणे थांबवावे लागले. नियम म्हणजे शहाण्या दिवशी आपणच आपल्याला लिहिलेले पत्र. ते वेड्या दिवशी उघडून वाचायचे असते, इतकेच.

गेल्या दिवाळीला आरती आटोपल्यावर, मुहूर्ताचे सौदे कसे झाले म्हणून सहज माझा हात मोबाईलकडे गेला. कन्येने तो उचलून चकलीच्या डब्यामागे ठेवला.

"बाबा, हिशेब पाडव्याला."

मी निमूटपणे चकली घेतली.