आधी पाय टेकवून बघा, मग आवाज ऐका

क्रूझर घ्यायची ठरवलेला नवा माणूस आमच्या जळगावात बहुधा दोन नावांपाशी अडतो. एक बजाजची अ‍ॅव्हेंजर २२०, दुसरी रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५०. मग सल्ले सुरू होतात. एनफिल्डचा आवाज ऐका, रुबाब बघा, उद्या विकायला काढली तर कोणाला भाव येईल ते बघा. सल्ला देणारे वीस-वीस वर्षं गाडी चालवणारे असतात. पहिल्या महिन्यात हातापायांची काय तारांबळ उडते, हे त्यांना आठवत नाही. माझी तारांबळ अजून ताजी आहे, म्हणून लिहिते.

मी राहते जळगावात आणि एरंडोलच्या एका शाळेत गणित शिकवते. वय पंचेचाळीस, उंची पाच फूट एक इंच. गावात फिरायला बिनगिअरची स्कूटर आणि शाळेला एसटी, असं वर्षानुवर्षं चाललं. २०२१-२२च्या एसटी संपात काळीपिवळीच्या मागे धावत शाळा गाठताना मनाशी पक्कं केलं, की स्वतःची दमदार गाडी हवी. साध्या मोटरसायकलची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटरच्या आसपास असते. तिच्यावर बसले की माझे पाय अधांतरी. क्रूझरची सीट खाली. माझ्यासारख्या बुटक्या बाईला क्रूझर घ्यावीशी वाटण्याचं पहिलं कारण हेच, रुबाब नंतर.

आता आकडे बघू. अ‍ॅव्हेंजर २२०च्या क्रूझ मॉडेलची सीट ७३७ मिलिमीटर, वजन १६३ किलो. मीटिअरची सीट ७६५, वजन १९१ किलो. कागदावर हा फरक अठ्ठावीस मिलिमीटर आणि अठ्ठावीस किलोंचा दिसतो. तो कळतो मात्र गाडी बंद असताना.

शोरूमसमोर रस्त्याला उतार होता. मी म्हटलं, दोन्ही गाड्या इथे नाक उताराकडे करून लावा, मला त्या मागे ओढून बघायच्या आहेत. विक्रेता मुलगा माझ्याऐवजी माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, ‘सर, ते आमची पोरं काढून देतात.’ हे म्हणाले, ‘गाडी मॅडमची आहे, त्यांच्याशी बोला.’ मी त्याला सांगितलं, भाऊ, एरंडोलला शाळेच्या फाटकापाशी तुझी पोरं नसतील. मग त्याने लावल्या. अ‍ॅव्हेंजरवर माझ्या दोन्ही टाचा जमिनीला भिडल्या. कमरेचा जोर न लावता नुसत्या पायांनी रेटत गाडी इंच-इंच मागे आली. मीटिअरची सीट पुढेही जरा रुंद, मांड्या फाकतात, त्यामुळे चवडेच टेकले. चवड्यांवर १९१ किलो मागे ओढताना हँडल डावीकडे कलायला लागलं आणि त्या पोराने धावत येऊन मागचं कॅरिअर धरलं. बाजूला मुलासाठी गाडी बघायला आलेले एक टोपीवाले आजोबा उभे होते. ‘जड शे ना, ताई?’ एवढंच म्हणाले.

माझं म्हणणं सरळ आहे. नवा माणूस पडतो तो बहुधा थांबताना, वळवताना, पार्किंगमधून गाडी काढताना. ऐंशीच्या वेगाने गाडी कशी धावते हे विचारण्याआधी ती शून्याच्या वेगात आपल्याला आवरते का, हे बघायला हवं.

स्कूटरवरून येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल कोणीही सावध करत नाही. बिनगिअरच्या स्कूटरवर डाव्या हाताखाली मागचा ब्रेक असतो. मोटरसायकलवर तिथे क्लच असतो, आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली जातो. समोर अचानक कुत्रं आलं की हात विचार करत नाही, वर्षानुवर्षांच्या सवयीने डावी मूठ आवळतो. गाडी थांबत तर नाहीच, क्लच दाबल्यामुळे आणखी मोकळी सुटते. ही सवय मोडायला मी मेहरूण तलावाच्या रस्त्यावर पहाटे सराव केला: नुसतं वीसच्या वेगाने जायचं, उजवा हात आणि उजवा पाय एकदम दाबायचे, डाव्या हाताला शेवटी बोलवायचं. गाडी कोणतीही घ्या, हे आधी करा. आपल्याकडच्या मोटार ट्रेनिंग स्कूल चारचाकी शिकवतात. गिअरची दुचाकी शिकवतो भाऊ, नाहीतर मावसभाऊ, रिकाम्या प्लॉटवर. ज्या बाईला असा भाऊ नाही तिने कुठे जायचं?

ब्रेकवरून माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा खरा वाद झाला, आणि त्याचा मुद्दा हलका नाही. मीटिअरला दोन्ही चाकांना डिस्क आणि दोन्हीकडे एबीएस. अ‍ॅव्हेंजरला एबीएस फक्त पुढे. मागे साधा ड्रम. घाबरून मागचा ब्रेक दणकन दाबला तर चाक जागीच अडतं आणि गाडीची शेपटी सरकते. ओल्या रस्त्यावर, माझ्या शाळेच्या वाटेवर पाळधीच्या पुढे ट्रॅक्टरने शेतातला चिखल आणून टाकलेला असतो त्या पट्ट्यात, ही भीती खरी आहे. शिवाय क्रूझ मॉडेलला तारांची चाकं, म्हणजे ट्यूबचे टायर. पंक्चर झालं की हवा भसकन जाते. मीटिअरची अलॉय चाकं ट्यूबलेस. इंजिनातही मीटिअर नव्याला सांभाळून घेते. तिचा २७ न्यूटन मीटरचा जोर ४००० फेऱ्यांनाच मिळतो. अ‍ॅव्हेंजरचा साडेसतराचा, तोही ७००० फेऱ्यांना. म्हणजे गतिरोधकावर गिअर कमी करायला विसरलात तरी मीटिअर ओढून नेते, अ‍ॅव्हेंजर धडधडून बंद पडते.

एवढं असून मी अ‍ॅव्हेंजर घेतली, आणि माझ्या बांध्याच्या नव्या माणसाला तीच घ्यायला सांगेन. चांगला ब्रेक उपयोगी पडतो तो गाडी उभी धरू शकणाऱ्याला. मीटिअरवर बसून ज्याच्या टाचा टेकतात आणि जो ती उतारावरून एकट्याने मागे ओढू शकतो, त्याने किमतीकडे न बघता मीटिअर घ्यावी. ज्याला हे जमत नाही त्याने दुसऱ्यांच्या बोलण्यावर जाऊ नये.

पैशांचा घोळही उगाच घातला जातो. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. मीटिअरचं इंजिन ३४९ सीसीचं, म्हणून ती रेषेच्या आत राहिली. थर्ड पार्टी विम्याचा गटही दोघींचा एकच, १५० ते ३५० सीसी, आणि तो नव्या गाडीला पाच वर्षांचा एकदम भरावाच लागतो. तेव्हा फरक उरतो मूळ किमतीचा, पन्नास हजारांच्या वर. माझा त्यातला थोडा भाग आयएसआय शिक्क्याचं पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, हातमोजे आणि जाळीचं जाकीट यांत गेला. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा जाड जाकीट कोणी घालत नाही आणि घालणारही नाही. जाळीचं घातलं जातं. ओढणी त्याच्या आत खोचायची, बाहेर नाही.

अ‍ॅव्हेंजरचं घराणं जुनं. २००१ मध्ये बजाजने कावासाकीबरोबर एलिमिनेटर आणली होती, महाग होती. २००५ मध्ये तीच ठेवण घेऊन, स्वतःचं १८० सीसीचं इंजिन घालून अ‍ॅव्हेंजर आली, आणि २०१० मध्ये २२०ची. हे इंजिन पल्सर २२०च्या कुळातलं. त्यामुळे धरणगाव, पारोळ्याचा मेकॅनिकही ते बघून घाबरत नाही. मीटिअर नोव्हेंबर २०२० मध्ये थंडरबर्डच्या जागी आली. तिचं इंजिन जुन्या बुलेटपेक्षा अगदी वेगळं आहे, तेव्हा बुलेटचा जाणता मिस्त्री तिचाही जाणता असेलच असं धरून चालू नका.

तापीकाठचा आमचा मुलूख सपाट, रस्ते सरळ. क्रूझर अशाच रस्त्यांची गाडी. बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडला की पाय पुढे सोडून, पाठ मोकळी ठेवून जाण्यात जे सुख आहे, ते एसटीच्या मागच्या बाकावर मिळालं नव्हतं. पण पाय पुढे असण्याचा तोटाही इथेच कळतो. साध्या गाडीवर खड्डा दिसला की पायांवर जोर देऊन जरा उठता येतं. क्रूझरवर उठताच येत नाही. सगळा दणका मणक्यात. अ‍ॅव्हेंजरच्या दोन चाकांमधलं अंतर १४९० मिलिमीटर, मीटिअरचं १४००, म्हणून गल्लीत वळवायला अ‍ॅव्हेंजरला जागा जास्त लागते. आणि वारा. मेअखेरीला केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ आमच्याकडे सुटतं, तेव्हा क्रूझची उंच काच वारा पकडते. केळीचा भरलेला ट्रक शेजारून गेला तरी हलकी गाडी थरथरते. अशा संध्याकाळी मी पाळधीला थांबते, चहा घेते, वारा बसला की निघते. महामार्गालगत समांतर रस्ते व्हावेत म्हणून जळगावकरांनी इतकी आंदोलनं का केली, हे महामार्गावर दोन चाकांवर असलेल्या माणसाला निराळं सांगावं लागत नाही.

आता विकणाऱ्यांना एक सांगणं. ‘टेस्ट राइड’ म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाला मोकळ्या रस्त्यावर चारशे मीटर पळवून आणता. त्यात प्रत्येक गाडी चांगलीच वाटते. नव्या माणसाला, आणि बाईला तर नक्कीच, रविवारी सकाळी पाऊण तास द्या. दोन्ही गाड्या उतारावर मागे ओढू द्या. अरुंद गल्लीत वळवू द्या. मागे आईला, नाहीतर मुलीला बसवून आकाशवाणी चौकासारख्या गर्दीत थांबून पुन्हा निघू द्या, कारण मागे माणूस बसलं की तीच गाडी वेगळी होते. आणि बोलताना ज्याची गाडी आहे त्याच्याकडे बघा.

एवढा वेळ द्यायला दुकानदार नाही म्हणाला तर गाडी तिथून घेऊ नका. भुसावळ पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, धुळे नव्वदच्या आसपास. शोरूम तिकडेही आहेत.