खेळ, कथन आणि लोकांचे अवधान

एखाद्या क्रीडास्पर्धेकडे सारा देश डोळे लावून बसतो आणि तितक्याच कौशल्याची, तितक्याच कष्टाची दुसरी स्पर्धा गावाच्या वेशीपलीकडे कोणाला ठाऊकही होत नाही, असे का व्हावे? हा प्रश्न वरकरणी वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाचा वाटतो. वस्तुतः तो कथनाचा प्रश्न आहे, आणि म्हणून भाषेच्या व साहित्याच्या अभ्यासकांनी तो परका मानण्याचे कारण नाही. लोकांचे अवधान ही आज संपत्तीइतकीच विषमतेने वाटली जाणारी गोष्ट झाली आहे. ज्या खेळाडूला ते लाभते त्याला मानधन, नोकरी आणि सरावाचे मैदान लाभते. ज्याला लाभत नाही त्याच्या वाट्याला बहुधा सत्काराचा नारळ येतो. तेव्हा हे अवधान कोणत्या नियमाने वाटले जाते, याची चौकशी करणे अगत्याचे आहे.

या चौकशीसाठी होसकोटे हे ठिकाण सोयीचे आहे. बंगळूरच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरवरचे हे गाव. नावाचा अर्थ नवा कोट. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर व कोलारबरोबर होसकोट्याचाही समावेश होता, म्हणून इतिहासाच्या मराठी वाचकाला ते नाव अपरिचित नाही. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा दुवा आहे तो रस्त्याचा. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ पुण्याहून सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड असा बंगळूरला येई आणि पुढे होसकोटे, कोलारवरून मद्रासकडे जाई. त्याचे क्रमांक आता बदलले आहेत. तथापि लोकांचे अवधान कोठे जाते आणि कोठे जात नाही, याची जवळजवळ सर्व उदाहरणे या एका रस्त्याच्या कडेने सापडतात.

त्यांपैकी दोन होसकोट्याच्या अगदी निकटची आहेत. होसकोट्याच्या शेजारी असलेल्या व्हाइटफील्डमधील एका मोठ्या हॉटेलात २२ डिसेंबर २०२१ ते २५ फेब्रुवारी २०२२ या काळात प्रो कबड्डी लीगचा संपूर्ण आठवा हंगाम खेळला गेला. साथीच्या निर्बंधांमुळे एकही सामना प्रेक्षकांसमोर झाला नाही. बारा संघ, दोन महिन्यांहून अधिक काळ, रिकाम्या खुर्च्यांसमोर चढाया करीत राहिले. अंतिम सामना दिल्लीने पाटण्याविरुद्ध ३७–३६ असा एका गुणाने जिंकला, आणि ती चुरस देशभरच्या घरांतून पाहिली गेली. दुसरा प्रसंग ४ जून २०२५ चा. आदल्या दिवशी बंगळूरच्या संघाने आय. पी. एल. चा अंतिम सामना अहमदाबादेत जिंकला होता. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर त्या दिवशी कोणताही सामना नव्हता, केवळ विजयी संघाचे दर्शन होते. सुमारे पस्तीस हजार प्रेक्षक मावणाऱ्या त्या मैदानाभोवती लाखोंचा समुदाय लोटला आणि चेंगराचेंगरीत ११ जणांचे प्राण गेले.

एका ठिकाणी खेळ होता पण गर्दी नव्हती; दुसऱ्या ठिकाणी गर्दी होती पण खेळ नव्हता. यावरून एवढे तरी निश्चित म्हणता येते की, लोकांचे अवधान आणि डोळ्यांसमोर घडणारा खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिन्नास्वामीबाहेर जमलेले लोक अठरा वर्षांच्या प्रतीक्षेचा शेवट पाहायला आले होते. प्रतीक्षा आणि तिचा शेवट ही कथेची अंगे आहेत.

अवधानाची कारणे म्हणून जी उत्तरे नेहमी दिली जातात, ती या कसोटीवर उतरत नाहीत. जो खेळ देशाला विजय मिळवून देतो तो लोकप्रिय होतो, हे पहिले उत्तर. जो समजायला सोपा तो लोकप्रिय, हे दुसरे. परंतु क्रिकेटइतके गुंतागुंतीचे नियम क्वचितच दुसऱ्या खेळाचे असतील. राज्यकर्त्यांनी आणला म्हणून तो रुजला, हे तिसरे; पण हॉकी आणि फुटबॉलही त्यांनीच आणले. राहता राहिले पहिले उत्तर. त्याचा निकाल १९५२ च्या जुलै महिन्यानेच लावला आहे.

त्या वर्षी सांगलीच्या विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वी चार गडी बाद झाले. १९ जुलै रोजी मँचेस्टरला तर एकाच दिवसात संघ दोनदा गारद झाला; ५८ आणि ८२ धावांत. त्यानंतर चारच दिवसांनी, २३ जुलै रोजी, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळण्यासाठी १९९६ साल उजाडावे लागले. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केल्याचे सांगतात. आणि पदकाच्या दुसऱ्याच दिवशी भारताच्या हॉकी संघाने नेदरलंडला ६–१ असे हरवून सुवर्णपदक घेतले. बलबीरसिंगांच्या पाच गोलांच्या प्रकाशात आदल्या दिवशीचे कांस्य दिसेनासे झाले.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. खाशाबांकडे कोणी लक्षच दिले नाही, असे नाही. परतल्यावर कराड ते गोळेश्वर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, अशी आठवण त्या भागात सांगितली जाते. ते अवधान दाट होते, पण ते प्रवास करू शकले नाही. क्रिकेटच्या दारुण पराभवाचे मात्र ‘शून्यावर चार बाद’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्याच दौऱ्यातील लॉर्ड्सच्या कसोटीत विनू मंकडांनी एकाकी दिलेली झुंजही चालत आली. याचा अर्थ असा की पराभवालाही लोकांच्या मनात घर मिळते, मात्र तो सांगितला गेला पाहिजे. खाशाबांच्या विजयाला गाव होते, निवेदक नव्हता. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला आणि दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव २०१० मध्ये लागले. क्रम पाहण्यासारखा आहे: जीवन संपल्यावर कथा सुरू झाली.

मग कोणता खेळ सांगता येतो आणि कोणता येत नाही? याला तीन गोष्टी लागतात असे दिसते. पहिली, ओळखीचा प्रतिपक्ष. मुंबईची पंचरंगी स्पर्धा १९४६ पर्यंत चालली, ती हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन अशी संघांची विभागणी करून. कोण कोणाविरुद्ध, हे प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नसे. या सोप्या कथेची किंमत मोठी होती, म्हणूनच गांधीजींनी १९४० मध्ये जातीय पायावरील त्या स्पर्धेला विरोध केला. आणि त्या कथेच्या पोटात दुसरी कथा दडलेली होती. धारवाडला जन्मलेले पळवणकर बाळू हिंदू संघाचे सर्वश्रेष्ठ गोलंदाज असूनही अस्पृश्य ठरवलेल्या जातीचे म्हणून कर्णधारपदापासून दूर ठेवले गेले. ते पद त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. मैदानावरच्या निकालात गावातल्या पंगतीचा प्रश्न गुंतला की तो निकाल ऐकायला क्रिकेट न समजणारेही थांबतात.

दुसरी गोष्ट म्हणजे उद्याचा दिवस. कसोटी सामना रात्री थांबतो, आणि त्या रात्रीत कीर्तनातल्या मध्यंतरासारखी कालचे आठवण्याला व उद्याचे कल्पिण्याला जागा मिळते. खासबागेतली कुस्ती मातीला पाठ लागताच संपते. पुढचा फड कोणता, कोणाविरुद्ध, हे पुष्कळदा जत्रेवर अवलंबून.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: खेळाला मोजमापाचा असा तुकडा हवा, जो शब्दांत पकडता येईल. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंमध्ये उसंत असते. आकाशवाणीवरून मराठीत धावते वर्णन करणारे बाळ ज. पंडित यांच्यासारखे समालोचक याच उसंतीत मराठी वाक्य उभे करीत. त्यामुळे ज्याने कधी मैदान पाहिले नाही, अशा श्रोत्याच्या डोळ्यांपुढेही क्षेत्ररक्षण दिसू लागे. खो-खोत बसलेल्याच्या पाठीवर थाप पडून तो उठेपर्यंत खेळाने दिशा बदललेली असते; वाक्य पुरे होण्याआधी गडी बाद झालेला असतो.

कबड्डीचा इतिहास या दृष्टीने मोठा बोलका आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. १९९० पासून २०१० पर्यंतच्या सहाही आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय पुरुष संघाने सुवर्णपदक जिंकले. तरीही देशाने मान वर करून पाहिले नाही. २६ जुलै २०१४ रोजी लीग सुरू झाली आणि चित्र पालटले. खेळाडू एका रात्रीत अधिक चांगले झाले नव्हते. मातीच्या जागी मॅट आली, चढाईला ३० सेकंदांचे दिसणारे घड्याळ आले, दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे असे बंधन आले. पूर्वी चढाईची लांबी चढाईपटूचा दम ठरवी, आणि तो दम अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्यालाच ऐकू येई. घड्याळ मात्र हजार मैलांवरूनही दिसते. सांगण्याजोगा तुकडा मिळाला, दर आठवड्याचा उद्या मिळाला, शहराशहरांचा प्रतिपक्ष मिळाला. कथा पुरी झाली. यात काही हरवलेही, हे नाकारण्यात अर्थ नाही. दमाचा खेळ वेळेचा झाला. परंतु शेतकऱ्यांच्या व कामगारांच्या कित्येक मुलांना खेळावर पोट भरता येऊ लागले, हा लाभ त्या हानीपेक्षा लहान मानता येणार नाही.

यावर आक्षेप येईल की हा सारा पैशाचा खेळ आहे. ज्यात जाहिरातदार पैसा ओततो, तोच खेळ मोठा होतो. आक्षेपात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. पैसा अवधानाच्या मागून येतो आणि मग त्याला अधिक वाढवतो. कथा नसलेल्या ठिकाणी त्याला गुंतवायला जागा मिळत नाही. शिवाय ज्या मार्गाने हे अवधान वाहते तो मार्ग खाजगी नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेटच्याच प्रक्षेपणाच्या वादात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. म्हणजे कोणती स्पर्धा राष्ट्रीय महत्त्वाची, हे ठरवण्याचा अधिकार समाजाने आपल्या हाती ठेवला आहे. तो वापरायचा कसा, एवढाच प्रश्न उरतो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही चषक भारताने जिंकले. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. ज्या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात बांधले गेले, त्याचा हा शिखरक्षण होता. त्यानंतर साडेचार महिन्यांनी चिन्नास्वामीबाहेर घडले ते घडले. या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे अवधानाच्या विषम वाटणीचे दोन्ही परिणाम दिसतात. जेथे ते पोचत नाही तेथे खेळाडूचे आयुष्य सुकते. जेथे ते बेसुमार साचते तेथे प्रेक्षकाचे आयुष्यही सुरक्षित राहत नाही.

यावर उपाय क्रिकेटचा द्वेष हा नव्हे. क्रिकेटने आपली कथा कष्टाने रचली आहे. मराठीत तिला समालोचक मिळाले, परिभाषा मिळाली, आकडेवारीची वही मिळाली. तेच कुस्ती, खो-खो, कबड्डीला द्यायला कोणी अडवले आहे? मराठी वृत्तपत्राने कुस्तीच्या फडाचा केवळ निकाल न छापता डाव कसा पडला हे लिहावे, दोन मल्लांच्या मागील लढतींची नोंद ठेवावी, पुढची लढत कधी ते सांगावे. आकाशवाणीने खो-खोच्या वेगाला पुरे पडेल असे आखूड, चपळ वाक्य शोधावे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी जत्रांतील कुस्ती-निवेदकांची भाषा ध्वनिमुद्रित करून अभ्यासावी. मौखिक परंपरेचा तो जिवंत भाग आहे आणि तो वृद्ध होत चालला आहे. शासनाने खेळाडूंचे मानधन टाळ्यांच्या आवाजावर न ठरवता आधी जाहीर केलेल्या नियमावर ठरवावे.

ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितले आहे. एवढ्या मोठ्या वक्त्यालाही ते मागावे लागले, गृहीत धरता आले नाही. गोळेश्वरच्या मल्लाच्या वतीने ते मागणारा कोणी १९५२ मध्ये नव्हता. उद्याच्या मल्लाच्या वतीने ते मागण्याचे काम भाषेचे आहे, आणि ज्यांचा व्यवसायच भाषा आहे त्यांनी ते दुसऱ्या कोणावर सोपवू नये.