दादाचं घड्याळ

दुबईहून दादाचा फोन आला. नाताळला येताना स्वतःसाठी घड्याळ घेणार म्हणे. आयडब्ल्यूसीचं ‘मार्क ट्वेंटी’, स्टीलचं, वैमानिकाच्या धाटणीचं. किंमत काही लाखांत, तीही हप्त्यांवर. मम्मी गप्पच झाली. पप्पा म्हणाले, “तेवढ्यात घरावरची कौलं बदलून होतील की रे!” बेळगावच्या पावसात आमचं घर किती गळतं, ते आम्हालाच माहीत. शेवटी दादानं मला विचारलं, “तू सांग, घेऊ की नको?”

म्हणून मी थोडं वाचलं. या घड्याळाचा पूर्वज ‘मार्क इलेव्हन’. १९४८च्या सुमारास तो ब्रिटिश हवाई दलासाठी स्वित्झर्लंडमध्ये बनू लागला. काळी तबकडी, ठळक पांढरे आकडे, आणि चुंबकाचा परिणाम होऊ नये म्हणून यंत्राभोवती मऊ लोखंडाचं कवच. मिरवण्यासारखं काही नाही, सगळं गरजेपुरतं. गंमत म्हणजे ते वैमानिकाच्या मालकीचं नसायचंच! सरकारी सामान, त्यावर सरकारी बाणाची खूण. कामासाठी मिळायचं, कामापुरतं हातावर राहायचं.

२०२२ सालचं मार्क ट्वेंटी एकदा पूर्ण चावी भरली की १२० तास चालतं. यंत्र म्हणून भारीच. पण वेळ तर मोबाइलही सांगतो आणि हजार रुपयांचं क्वार्ट्झ घड्याळ त्याहून अचूक चालतं. त्यामुळे “उपयोगी वस्तू आहे” हे दादाचं कारण मला पटत नाही. आवडलंय म्हणून घेतोय, असं सरळ म्हणावं.

आणि आवडणं हा काही गुन्हा नाही. पप्पांच्या कपाटात एचएमटीचं ‘पायलट’ आहे, चावीचं. पप्पा कुठे विमान चालवत होते? ऑफिसात क्लार्क होते. पण रविवारी मिस्साला निघताना चावी देऊन ते हातात घालायचेच. फरक एवढाच, की त्यांनी ते पगारातून रोख घेतलं होतं, घरचं भागवून.

माझं मत तेच आहे. दादा, घड्याळ घे, पण हप्त्यांवर नको. आधी कौलं, मग घड्याळ. आणि घेतलंस तर लॉकरमध्ये ठेवू नकोस, रोज घाल, चरे पडू देत.

दादा “बघतो” म्हणाला आणि फोन ठेवला. तुम्ही काय सांगितलं असतं?