चकाकी कुठपर्यंत?

खंडेनवमीला रावपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात सगळ्या सायकली, स्कूटर अंगणात येतात. धुणं, पुसणं, झेंडूचा हार! गेल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी खोबरेलाचं फडकं रिमवरही फिरवलं. सायकल आरशासारखी चमकली. मग टॉवरजवळ एक आजी रस्ता ओलांडत होत्या. मी ब्रेक दाबला, तर सायकल थांबेचना! पाय घासत कशीबशी थांबवली. आजी वाचल्या, माझी चप्पल गेली.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. सायकल चकचकीत हवीच, पण नुसती दिसायला नको. चिखल ओल धरून ठेवतो आणि गंज चढतो, म्हणून पावसात फिरून आल्यावर ती पुसून कोरडी करावी. चेन रॉकेलच्या फडक्याने साफ करून तेलाचे थेंब सोडावेत, जास्तीचं पुसून घ्यावं. मडगार्डला, हँडलला खुशाल पॉलिश लावा. रिमवर जिथे ब्रेकचं रबर घासतं, तिथे मात्र तेलही नको आणि पॉलिशही नको.

पुसता पुसता ढिली झालेली तार, झिजलेलं रबर हाताला लागतं, हाच खरा फायदा. हार वर्षातून एकदा घाला. फडकं मात्र वर्षभर हाताशी असू द्या.